क्रमिकीकरण, ऑब्जेक्टांचे
संगणकाच्या स्मृतीतील ऑब्जेक्टचे, साठविता व पुन्हा पूर्ववत उभारता येईल अशा बाइटांच्या क्रमात रूपांतर करण्याच्या क्रियेस क्रमिकीकरण म्हणतात. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती व तिच्यावरील क्रिया यांचे एकत्रित रूप होय. त्याचे भाग स्मृतीतील पत्त्यांनी जोडलेले असतात. प्रोग्रॅम संपताच हे पत्ते निरर्थक ठरतात. म्हणून सामान्यतः केवळ माहितीच साठवितात.

मोंगोडीबी (२००९) या डेटाबेसमध्ये माहिती दस्तऐवजांच्या रूपात, ‘बीसन’ नावाच्या द्विमान स्वरूपात ठेवतात. त्याला संख्या, अक्षरमाला, दिनांक, सूची इ. ठराविक प्रकारच ज्ञात असतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः घडविलेला प्रकार, उदा., ‘रक्कम’, त्यास अपरिचित असतो. म्हणून अशा प्रकाराचे ज्ञात प्रकारांत विघटन करणारी व त्यांपासून तो पुन्हा उभारणारी अशा दोन रीती पुरवाव्या लागतात. ०·१ ही संख्या द्विमान अपूर्णांकात तंतोतंत मांडता येत नाही. त्यामुळे रक्कम तशी ठेवल्यास हिशेबात चूक संभवते. यास्तव ती पैशांच्या पूर्णांकात किंवा १२८-बिटी दशमान प्रकारात ठेवणे इष्ट असते.

दस्तऐवज बहुधा प्रोग्रॅमपेक्षा दीर्घकाळ टिकतात. प्रकाराची रचना पुढे बदलली, तरी जुने दस्तऐवज आपोआप बदलत नाहीत. म्हणून त्यांत आवृत्तिक्रमांक नोंदवितात. तसेच दस्तऐवजातील नावावरून वाटेल तो प्रकार उभारू दिल्यास, त्यात फेरफार करणाऱ्यास घातक क्रिया घडविता येतात. यामुळे पूर्वमान्य प्रकारांनाच परवानगी देणे आवश्यक ठरते.