वीस गुंठ्यांच्या वावराला कोण विचारतो?

पुनावळ्याच्या रस्त्यावर आज उभे राहिले, तर नजर जाईल तिकडे इमारती दिसतात. मुंबई-बंगळूर रस्ता गावाच्या अंगावरून गेला, १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, आणि वावराचा भाव गुंठ्यावर मोजला जाऊ लागला. तरीही दोन इमारतींच्या मधे एखादा हिरवा तुकडा राहिलेला दिसतो. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, काही विकले, काही रस्त्यात गेले, आणि उरले ते वीस-तीस गुंठे. तेवढ्यावरही मेथी-कोथिंबीर निघते, दारात एखादी गाय असते. अशा घराला शेतीचे नवे ज्ञान कोठून मिळावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. तो पुनावळ्यापुरता नाही. मुळशी, मावळ, खेड, जुन्नर, कोठेही जा, वाटण्यांची कहाणी एकच आहे.

ही कहाणी जुनीही आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी इथून जवळच असलेल्या पिंपळे सौदागर गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने छापली. त्या गावात १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, असे त्यांना आढळले. आज २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे सबंध महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. मोठ्या शेतकऱ्याचा एखादा प्रयोग फसला तर त्याचे एक वावर जाते. वीस गुंठेवाल्याचा फसला तर त्याचे वर्षच जाते. म्हणून खात्रीच्या सल्ल्याची गरज खरे तर लहान शेतकऱ्याला जास्त आहे.

आता गंमत पाहा. पुनावळ्याला केंद्र धरून तासा-दीड तासाच्या वाटेवर काय काय आहे ते मोजू. शेजारी ताथवड्याला जातिवंत वळू तयार करणारे शासनाचे वळू-माता प्रक्षेत्र. जुन्या मुंबई रस्त्याने गेले की तळेगाव दाभाडे, तिथे पणन मंडळाची फुलशेती आणि काढणीनंतरच्या हाताळणीचे शिक्षण देणारी संस्था. पुढे वडगाव मावळला भाताचे संशोधन केंद्र. चाकणवरून राजगुरुनगरला गेले की कांदा व लसूण यांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र, जे १९९८ साली नाशिकहून तिथे आले. पुण्यात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आणि गणेशखिंडीला विभागीय संशोधन केंद्र. पलीकडे उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली सुरू केलेली बाएफ. जिल्ह्यात नारायणगाव आणि बारामती अशी दोन कृषी विज्ञान केंद्रे. एवढी विद्या दाराशी असून शेतकरी बियाण्याची पुडी मात्र दुकानदाराच्या शब्दावर घेतो!

कारण असे की या संस्था वेगवेगळ्या घरांच्या आहेत. भात केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, कांदा केंद्र दिल्लीच्या कृषी अनुसंधान परिषदेचे, गावात येणारा माणूस राज्याच्या कृषी खात्याचा, जनावरांचा डॉक्टर पशुसंवर्धनाचा. शेतकऱ्याचे वावर मात्र एकच असते. त्याच्या बांधावर भात, कांदा आणि गाय एकाच वेळी उभी असतात.

ही घरे एकमेकांशी जोडायचा प्रयत्न झाला नाही असे नव्हे. १९६८ साली राहुरीला विद्यापीठ निघाले, १९६९ साली अकोल्याला, आणि १९७२ साली परभणी व दापोलीला. कोकणातला पाऊस आणि सोलापूरचा पाऊस यांना एकच शिफारस चालत नाही, हे त्यामागचे साधे शहाणपण होते. पण चार विद्यापीठे चार तऱ्हेने बोलू लागली तर शेतकऱ्याने ऐकावे कोणाचे? म्हणून १९८३ च्या कायद्याखाली पुण्याला महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद झाली. दर वर्षी आळीपाळीने एकेका विद्यापीठात चौघांची संयुक्त बैठक भरते. शास्त्रज्ञ आपले नवे वाण, नवे अवजार, खताची नवी मात्रा तिथे मांडतात, इतर विद्यापीठांचे लोक उलट प्रश्न विचारतात, आणि टिकेल तेच शिफारस म्हणून बाहेर पडते.

हे कसे फळते याचे घरचे उदाहरण म्हणजे इंद्रायणी भात. मुळशी-मावळचा आंबेमोहोर वासाला अप्रतिम, पण उंच वाढतो, वाऱ्यात लोळतो, उतारा कमी. वडगावच्या केंद्रात आंबेमोहोर-१५७ आणि बुटका, भरघोस पिकणारा आयआर-८ यांचा संकर केला. भाताचे फूल ते केवढे! त्यातले सहा पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग त्यावर पाडायचे, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करत बसायचे. एका केंद्रावर चांगला आला म्हणून भागत नाही; वेगवेगळ्या पावसाच्या ठिकाणी लावून पाहावा लागतो. १९८७ साली इंद्रायणी शेतकऱ्यांच्या हाती आली, आणि आज मावळातल्या कोणत्याही घरी पाहुण्याच्या ताटात ती वाढलेली दिसेल. हा सुधारित वाण आहे, संकरित नव्हे; तेव्हा घरचे बी निवडून काही हंगाम वापरता येते. विकत घ्यायचे तर प्रमाणित बियाण्याच्या पिशवीची निळी खूणचिठ्ठी पाहावी, आणि पावती व चिठ्ठी पीक निघेपर्यंत जपून ठेवावी.

वाण बियाण्यात बसून घरी येतो, म्हणून तो लवकर पसरतो. पद्धत तशी येत नाही, ती शिकवावीच लागते. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवड घ्या. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा हिरवा पाला, दोरीवर २५-१५-२५-१५ सेंटिमीटर अंतराने नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या लहान चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल. गोळी २.७ ग्रॅमची. हिशेब गुंठ्याचा करू: सुमारे ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आतच खत, आणि पाला तीस किलो. वीस गुंठ्यांना साडेबारा हजार गोळ्या, वजन चौतीस किलोच्या आसपास. खत चिखलात पुरलेले असल्याने पाण्याबरोबर वाहून जात नाही. लहान शेतकऱ्याला परवडेल अशीच ही रीत आहे, कारण राख घरची, पाला बांधावरचा.

पण दोरी धरून लावणी कोण करते? बायका. आणि शिबिराचे निमंत्रण कोणाला येते? सात-बाऱ्यावर ज्याचे नाव त्याला. आमच्याच घरची गोष्ट सांगतो. ऐन आषाढात लावणी सुरू असताना एका शिबिराचा निरोप आला. वडील गेले, जेवून आले, हातात छापील कागद घेऊन आले. आई दिवसभर चिखलात होती. त्या वर्षी आमची लावणी पूर्वीसारखीच झाली. कागद फडताळात राहिला. शिबिरात सांगितले ते चूक नव्हते. चुकीच्या आठवड्यात, चुकीच्या माणसाला सांगितले एवढेच.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकात प्रशिक्षण व भेट योजना आली, तेव्हा गावात येणाऱ्या कार्यकर्त्याचा वार ठरलेला असे. दर पंधरवड्याला तो स्वतः शिकायचा, मग ठराविक संपर्क शेतकऱ्यांना सांगायचा, आणि त्यांनी इतरांना सांगावे अशी अपेक्षा होती. वार ठरलेला असणे फार चांगले होते. मात्र संपर्क शेतकरी बहुधा बऱ्यापैकी जमीनवाला असायचा, आणि वीस गुंठेवाला त्याच्या ओट्यावर जायला कचरायचा. पाणी वरच्या टोकालाच मुरले तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचणार कसे?

उलटा पाट तर त्याहून कोरडा राहतो. शेतकऱ्याचा प्रश्न शास्त्रज्ञापर्यंत गेला पाहिजे. कांद्याचेच पाहा. राजगुरुनगरच्या केंद्राने खरिपासाठी भीमा सुपर, भीमा राज असे वाण दिले, आणि रब्बीत काढून चाळीत टिकवण्यासाठी भीमा शक्ती, भीमा किरण. खरिपाचे बी रब्बीत लावून कांदा चाळीत भरला, तर तो सडणारच. चाकणच्या बाजारात सडका माल घेऊन उभा राहिलेला शेतकरी नशिबाला दोष देतो. पण वाण कोणता हे विचारायला चार महिन्यांआधी कोणाकडे जायचे, हे त्याला माहीत नसते.

तेव्हा विचारायची रीत सांगतो. रोगट झाड न्यायचे तर मुळासकट काढून कागदात गुंडाळून न्यावे. प्लॅस्टिकमध्ये ते घामेजून कुजते. सोबत चिठ्ठीवर वाण, पेरणीची किंवा लावणीची तारीख, दिलेले खत, केलेली फवारणी आणि शेवटचे पाणी कधी दिले ते लिहावे. जाणे जमत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा बिनपैशांचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. आणि एकट्याने जाण्यापेक्षा आळीतल्या दहा घरांनी मिळून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे शिबिराची मागणी करावी. दहाजणांचे मिळून पाच एकर होतात. अर्जात स्पष्ट लिहावे की चारसूत्रीचे शिबिर लावणीच्या पंधरा दिवस आधी हवे, प्रत्यक्ष वावरात हवे, आणि दुपारी दोन ते चार, म्हणजे धारेच्या वेळेआधी संपणारे हवे. अर्जावर लावणी करणाऱ्या बायकांच्या सह्या आधी घ्याव्यात.