लाकडावरची छत्री

पावसाळ्यात पलासियातील एखाद्या जुन्या बंगल्याच्या परसात देवदारी खोकी भिजत पडली, की श्रावण-भाद्रपदात त्यांच्यावर लहानमोठ्या छत्र्या उगवलेल्या दिसतात. आपण त्या काठीने पाडतो व निश्चिंत होतो. परंतु छत्री हे केवळ फळ होय; तिला जन्म देणारे बुरशीच्या तंतूंचे जाळे लाकडाच्या आत खोलवर पसरलेले असते.

चीड, देवदार आदी सूचिपर्णी वृक्षांच्या कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या भूछत्रांत नियोलेंटिनस लेपिडियस ही जात विशेष प्रसिद्ध आहे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी १८१५ साली तिचे वर्णन केले. फिकट पिवळसर टोपी, तीवर तपकिरी खवले, खालच्या पट्ट्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी आणि अंग चिवट, अशी तिची ठेवण असते. खाणीतल्या अंधारात उगवली, तर टोपी न धरता तिला हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटतात.

ही बुरशी लाकडातील सेल्युलोज खाते आणि लिग्निन बहुतांशी मागे ठेवते. त्यामुळे लाकूड तपकिरी होते, त्याला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी तुकडे सुटतात आणि शेवटी चिमटीत धरताच त्याची भुकटी होते. अरण्यात हेच कार्य उपकारक ठरते. पडलेल्या वृक्षाचे सत्त्व त्यायोगे मातीस परत मिळते.

मात्र रेल्वेच्या रुळांखाली तेच कार्य घातक ठरले. लाकडी स्लीपर टिकावेत म्हणून त्यांना क्रिओसोट हे डांबरी तेल पाजीत; पण ते तेलही ही जात बरेच सहन करते. आतून पोकळ झालेल्या स्लीपरात खिळे धरत नाहीत. म्हणूनच इंग्रजीत तिला 'ट्रेन-रेकर', म्हणजे गाडीचा घात करणारी, असे नाव पडले. आज रुळांखाली बहुतेक ठिकाणी काँक्रीट आले आहे. घरांतील चौकटी व फळ्या मात्र पुष्कळदा लाकडाच्याच असतात.

तेव्हा लाकडावर छत्री दिसली, मग ती कोणत्याही जातीची असो, तर प्रथम ओल कोठून येते ते पाहावे. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या खाली राहिला, तर बुरशीला सहसा थारा मिळत नाही. गळका नळ, तुंबलेली पन्हळ, भिंतीला टेकवलेली फळी यांचा बंदोबस्त करावा आणि टोकदार खिळ्याने लाकूड टोचून पाहावे. खिळा सहज आत गेला, तर तेवढा भाग बदलणेच श्रेयस्कर. छत्री पाडल्याने लाकूड वाचत नाही. ते कोरडे राखल्यानेच वाचते.