कागदी साच्यावरून फोमचे चिलखत

‘पेपाकुरा’ ही जपानी कागदी कला. संगणकातली आकृती उलगडून कागदावर छापायची, कापून जोडायची. तेच साचे घेऊन आम्ही मुलांसाठी फोमचे शिरस्त्राण बनवतो. साचा मात्र जसाच्या तसा उतरवू नये. १० मिलिमीटर जाडीच्या फोमचा टोप आतून आवळतो. म्हणून आधी कागदी टोप मुलाच्या डोक्यावर घालून पाहावा, मग माप वाढवावे. चिकटवायच्या कडा गाळाव्यात, बारीक घड्या एकत्र कराव्यात. गोलाई हीट गनने येते. ब्लेड नवेच हवे, बोथट ब्लेड फोम फाडते. चप्पलवाल्याकडचे सोल्यूशन दोन्ही कडांना लावून थोडे सुकू द्यावे, तेही गच्चीवरच. त्याची वाफ पेट घेते, आणि स्वयंपाकघरात अम्मीचा गॅस चालू असतो.