ठेक्यात वाद झाला, तर निवाडा कोणी करायचा?

मच्छीमार बंधू-भगिनींनो, तलाव किंवा धरणाचं पाणी सरकारकडून मासेमारीला घेतलं, की आपणही सरकारचे ठेकेदार झालो. उद्या खातं म्हणालं, "तुम्ही अट मोडली, एवढी भरपाई भरा," तर मुकाट भरायची का?

आपल्याच कर्नाटकातला दाखला बघा. तीर्थहळ्ळीच्या श्री रामेश्वर राइस मिल्सचा सरकारशी करार होता. करार मोडला असं अधिकाऱ्यांनीच ठरवलं, भरपाईही त्यांनीच लावली आणि महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू केली. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अट मोडल्याचं समोरच्याला मान्य नसेल, तर त्याचा निवाडा करारातल्याच एका बाजूने करायचा नाही.

म्हणून भरपाईची नोटीस आली आणि ती मान्य नसेल, तर लगेच लेखी हरकत द्या, पोच घ्या. गप्प बसू नका.

पुढचा रस्ता करारात असतो. लवादाचं कलम असेल तर आधी लवाद. नसेल तर दिवाणी कोर्ट. पण सरकारवर दावा लावण्याआधी कलम 80 ची नोटीस देऊन साधारण दोन महिने थांबावं लागतं. पैशाच्या दाव्याला मुदत सहसा 3 वर्षांची. नुसत्या अर्ज-विनंत्यांनी ती वाढत नाही.

आणि "साहेब तोंडी हो म्हणालेत" यावर जाळं टाकू नका. घटनेच्या कलम 299 प्रमाणे सरकारचा करार रीतसर लेखीच लागतो. बेळगाव-निपाणीकडे कागद कन्नडमध्ये येतो. जाणकाराकडून मराठीत समजून घ्या, मगच सही करा.