लॉ फर्मला पाठवायचे एक पान

कव्हरिंग लेटर म्हणजे सीव्हीसोबत पाठवायचे एका पानाचे पत्र. लॉ फर्ममधल्या नोकरीसाठी या पानाला इतर नोकऱ्यांपेक्षा जास्त वजन असते, कारण फर्मचे सारे काम लिखाणावर चालते. नोटीस, करार, वादपत्र, कैफियत, कायदेशीर अभिप्राय हाच तिथला रोजचा व्यवहार असतो आणि ज्युनिअरच्या वाट्याला पहिल्या आठवड्यापासून येते ते ड्राफ्टिंग. ते उमेदवाराला कितपत जमते, याचा पहिला नमुना पार्टनरच्या हाती पडतो तो या पत्रातून. सीव्हीचा साचा कुठूनही उचलता येतो. पत्रातली वाक्ये मात्र स्वतःचीच लागतात.

पहिल्या परिच्छेदात अर्ज कशासाठी आहे ते सरळ सांगावे: कोणते पद, कोणते शहर, कोणता विभाग. मुंबईत फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, नरिमन पॉइंटपासून लोअर परळ आणि वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत पसरलेल्या फर्ममध्ये कंपन्यांचे व्यवहार, दावे आणि लवाद, स्थावर मालमत्ता, 2016 च्या दिवाळखोरी संहितेखालची प्रकरणे अशा कामांच्या वेगवेगळ्या टीम असतात. ‘कोणतेही काम चालेल’ असे लिहिले की अर्ज नेमका कोणत्या टीमकडे पाठवायचा, हेच ठरत नाही. उमेदवार शिकत असेल तर कितव्या वर्षाला आहे, पदवी झाली असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद मिळाली आहे का आणि अखिल भारतीय बार परीक्षा दिली आहे का, हेही इथेच यावे. दोन-तीन वाक्यांत एवढे आटोपते.

पत्राचा खरा गाभा दुसरा परिच्छेद. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. त्यामुळे इंटर्नशिपची यादी प्रत्येकाकडे असते आणि ती सीव्हीत आलेलीच असते. पत्रात त्यातले एकच काम निवडावे आणि ते नीट सांगावे. ‘विविध कायदेशीर विषयांवर संशोधन करण्याची संधी मिळाली’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘एका शेतजमिनीच्या टायटल सर्चमध्ये तीस वर्षांचे फेरफार आणि इंडेक्स टू तपासले. एका वारस फेरफारात मयत खातेदाराच्या दोन मुलींची नावे लागलेली नव्हती. त्यावर दोन पानी टिपण लिहिले. तो मुद्दा टायटल रिपोर्टमध्ये घेतला गेला.’ मुलींचा हिस्सा शाबूत असेल तर उद्या खरेदीदारावर दावा येऊ शकतो, हे पार्टनरला सांगावे लागत नाही. कागद बारकाईने वाचणारा, खटकलेली गोष्ट लिहून पुढे ठेवणारा माणूस त्याला या चार वाक्यांत दिसतो. ‘मेहनती’, ‘चिकाटीचा’ ही विशेषणे मग लागतच नाहीत.

पत्र बहुतेक वेळा इंग्रजीतच जाते. तरीही सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखते मराठीतून वाचून त्यांचा अर्थ लावता येत असेल, तर ते ठळकपणे लिहावे. मोडी वाचता येत असेल तर नक्कीच लिहावे. महाराष्ट्रातल्या जमिनींचे काम करणाऱ्या फर्मला असा ज्युनिअर खरोखर हवा असतो आणि मराठी माध्यमातून आलेले अनेक उमेदवार हीच गोष्ट संकोचाने लपवतात. ते त्यांचे स्वतःचेच नुकसान आहे.

वर दिलेल्या नमुन्यात गाव नाही, गट नंबर नाही, अशिलाचे नाव नाही. हे मुद्दाम आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी कायद्याने संरक्षित आहेत. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 126 मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 मध्ये आहे आणि वकिलाच्या कर्मचाऱ्यांनाही ते बंधन लागू आहे. आधीच्या फर्मच्या अशिलाचे नाव आणि व्यवहाराची रक्कम लिहून छाप पाडू पाहणारा उमेदवार उद्या आपलीही गुपिते बाहेर नेईल, असेच वाचणारा समजतो. जाहीर निकाल लागलेल्या प्रकरणाचा उल्लेख करायला हरकत नाही. त्यामागची आतली चर्चा मात्र पत्रात येऊ नये.

‘हीच फर्म का?’ या प्रश्नाला वेबसाइटवरची वाक्ये परत पाठवणे हे उत्तर नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या निकालपत्रांत वरिष्ठ वकिलाच्या नावापुढे ‘आय/बी’ लिहून त्याला सूचना देणाऱ्या वकिलाचे किंवा फर्मचे नाव छापलेले असते. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर हे निकाल कोणालाही वाचता येतात. फर्मने लढवलेला एखादा निकाल वाचून, त्यातला कोणता मुद्दा आपल्या अभ्यासाशी जुळतो हे दोन ओळींत लिहिले, तर ते पत्र त्याच फर्मसाठी लिहिलेले ठरते. निकाल पूर्ण वाचलेला असावा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येण्याची शक्यता असते.

एखाद्या सत्रात गुण कमी असतील किंवा मध्ये वर्ष गेले असेल, तर कारण एका वाक्यात सांगून पुढे जावे. लांबलचक खुलाशाने उलट त्याच गोष्टीवर बोट ठेवले जाते.

पाठवण्यापूर्वी फर्मचे नाव अक्षरशः तपासावे: ‘अँड कंपनी’, ‘असोसिएट्स’ की ‘एलएलपी’, आणि स्वल्पविरामासकट. जुन्या अर्जातले दुसऱ्याच फर्मचे नाव तसेच राहिलेले पत्र पुढे वाचले जात नाही. करारात पक्षकाराचे नाव चुकवण्याइतकीच ही चूक गंभीर मानली जाते. पत्र ज्यांना जाणार त्यांचे नाव आणि हुद्दा माहीत असेल तर तोच घालावा. शेवटी रुजू होण्याची तारीख, जोडलेल्या कागदांची यादी, फोन नंबर आणि सही. पत्र आणि सीव्ही पीडीएफमध्ये, फाइलच्या नावात उमेदवाराचे पूर्ण नाव. ईमेलमध्ये पत्र पुन्हा चिकटवू नये, तिथे अर्ज कोणत्या पदासाठी आहे एवढे सांगणाऱ्या दोन ओळी पुरतात.