विश्लेषण : फायरवॉल सुरू आहे, म्हणजे घरचा संगणक सुरक्षित आहे का?

विंडोजच्या सुरक्षा पानावर फायरवॉलसमोर हिरवी खूण दिसली, की बहुतेक घरांत संगणकाच्या सुरक्षेचा विषय तिथेच संपतो. त्याच संगणकात मुलांचे प्रकल्प असतात, स्कॅन करून ठेवलेले जुने फोटो असतात, आयकर विवरणपत्रे, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कधी कधी घरातून चालणाऱ्या छोट्या धंद्याचा सगळा हिशेबही असतो. ती हिरवी खूण खोटी नसते. मात्र ती ज्या धोक्याविषयी सांगते आणि आज घरगुती संगणक ज्या मार्गाने लुटला जातो, त्या दोहोंत बरेच अंतर पडले आहे.

फायरवॉल नेमके काय अडवते?

इंटरनेटवरून येणारा-जाणारा डेटा छोट्या पाकिटांच्या रूपात प्रवास करतो. प्रत्येक पाकिटावर ते कुठून आले, कुठे निघाले आणि कोणत्या पोर्टसाठी आहे हे लिहिलेले असते. पोर्ट म्हणजे क्रमांक दिलेले दार. सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३, विंडोजमधील फाइल शेअरिंगसाठी ४४५, असे हे क्रमांक ठरलेले आहेत. फायरवॉल हा पत्ता वाचते आणि पाकीट सोडायचे की अडवायचे ते ठरवते.

विंडोजमधील फायरवॉलचा मूळ नियम दोन वाक्यांत सांगता येतो. बाहेरून आपणहून आलेली जोडणी, तिच्यासाठी वेगळा नियम नसेल तर, अडवायची. आतून बाहेर निघालेली जोडणी, तिच्याविरुद्ध नियम नसेल तर, जाऊ द्यायची. आतून कोणी एखाद्या वेबसाइटला हाक मारली, की त्याची नोंद ठेवली जाते आणि तिकडून आलेले उत्तर विनाअडथळा आत सोडले जाते. सोसायटीचा वॉचमन साधारण हेच करतो. अनोळखी माणसाला तो फाटकावर थांबवतो, पण फ्लॅटमधून ‘पार्सल माझेच आहे, सोडा’ असा फोन आला, की खोके उघडून आत काय आहे ते बघत नाही. इथे तर त्याने बघायचे म्हटले तरी उपयोग नाही, कारण आजची बहुतांश वेब वाहतूक कूटबद्ध असते. पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतला मजकूर दिसत नाही.

ती नसती तर काय झाले असते?

याचे उत्तर २००३ सालात मिळते. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल सुरुवातीपासून होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म पसरला. त्यासाठी कुणी ईमेल उघडायची गरज नव्हती, काही डाउनलोड करायची गरज नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला आहे आणि १३५ क्रमांकाचे पोर्ट उघडे आहे, एवढे त्याला पुरत होते. पडद्यावर एक चौकट येई आणि ६० सेकंदांची उलटी गिनती सुरू होऊन संगणक बंद पडे. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती, म्हणजे पॅच, महिनाभर आधी, जुलैमध्येच दिली होती. पण पॅच डाउनलोड होत असतानाच संगणक पुन्हा बंद पडत असल्याने आधी फायरवॉल सुरू करा आणि मग पॅच घ्या, असा सल्ला द्यावा लागला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, आलेल्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल आपोआप सुरू राहू लागली.

तेव्हा फायरवॉल बंद करण्याचा सल्ला कुणी देत असेल (गेम नीट चालत नाही, प्रिंटर सापडत नाही, अशी कारणे नेहमी निघतात), तर तो ऐकू नये. मे २०१७ मध्ये दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरलेल्या ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने ४४५ क्रमांकाच्या पोर्टचाच आधार घेतला होता. म्हणजे १४ वर्षांनंतरही दार ठोठावून आत शिरणारे संपले नव्हते. आणि याही वेळी पॅच दोन महिने आधी आलेला होता.

मग ती अपुरी कुठे पडते?

हल्लेखोराने दार ठोठावणे सोडून आतल्या माणसाला दार उघडायला लावले, की फायरवॉलचा प्रश्नच उरत नाही. सध्या जगभर चाललेला ‘क्लिकफिक्स’ हा प्रकार त्याचा चांगला नमुना आहे. एखादी वेबसाइट उघडल्यावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असे नेहमीचे कॅप्चा पान येते. त्यावर टिचकी मारली, की पुढच्या सूचना दिसतात : विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. वापरकर्त्याला ही पडताळणीची नवी पद्धत वाटते. प्रत्यक्षात त्या पानाने मघाशीच एक आज्ञा क्लिपबोर्डवर चिकटवून ठेवलेली असते. तीन कळा दाबून वापरकर्ता ती स्वतःच्या हाताने आपल्या संगणकावर चालवतो. ती आज्ञा बाहेरच्या सर्व्हरवरून घातक प्रोग्राम ओढून आणते. फायरवॉलच्या नजरेत घडले ते इतकेच, की आतून कुणीतरी ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर बाहेर काही मागितले आणि ते आले. यात अडवण्यासारखे तिला काही दिसत नाही.

अशा मार्गाने येणाऱ्यांत ‘इन्फोस्टीलर’ जातीचे प्रोग्राम मोठ्या संख्येने असतात. ते संगणक बंद पाडत नाहीत, पडद्यावर खंडणीची चिठ्ठीही लावत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डचे तपशील आणि मुख्य म्हणजे ‘कुकीज’ उचलतात आणि निघून जातात. ईमेलमध्ये एकदा लॉगइन केल्यावर रोज पासवर्ड का विचारला जात नाही, तर लॉगइन झाल्याची खूण कुकीमध्ये जपून ठेवलेली असते म्हणून. ती खूणच चोराच्या हाती गेली, तर पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही वगळून तो खात्यात बसू शकतो. या जातीतल्या ‘लुमा’ नावाच्या प्रोग्रामविरुद्ध मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपास यंत्रणांनी कारवाई केली. त्याआधीच्या अवघ्या दोन महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांत तो आढळला होता, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले.

दुसरा मार्ग जुनाच आणि आपल्याकडे जरा जास्तच ओळखीचा. फुकटात मिळणारे ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर. फोटो दुरुस्तीचे, हिशेबाचे किंवा खुद्द विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करण्याचे साधन डाउनलोड केले, की त्यासोबतच्या सूचनांत बहुतेकदा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे लिहिलेले असते. घरात येणारा पाहुणा आधी कुत्रे बांधून ठेवायला सांगतो, तेव्हा निदान मनात शंका यायला हवी. इथे ती सहसा येत नाही.

‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे सांगून दूरस्थ नियंत्रणाचे ॲप बसवायला लावणारे फोनही याच रांगेतले. ती ॲप्स स्वतः कायदेशीर आहेत आणि त्यांची जोडणी आतून बाहेर जाते. वॉचमनने तिला अडवायचे काही कारण नाही.

‘अलाऊ’ दाबायचे की ‘कॅन्सल’?

नवा प्रोग्राम पहिल्यांदा बाहेरून जोडणी घेऊ पाहतो, तेव्हा विंडोज एक चौकट दाखवून परवानगी विचारते. अनेक जण न वाचता ‘अलाऊ’ दाबतात आणि फायरवॉलमध्ये कायमचे एक भोक पाडून ठेवतात. उलट ‘कॅन्सल’ दाबणाऱ्यांना वाटते, की आता या प्रोग्रामचा इंटरनेटशी संबंध तुटला. तसे होत नाही. ही चौकट फक्त आत येणाऱ्या जोडण्यांपुरती असते. तोच प्रोग्राम आतून बाहेर मात्र पूर्वीइतकाच मोकळेपणाने बोलत राहतो.

बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी विचारून सोडणाऱ्या फायरवॉल स्वतंत्रपणे मिळतात. जाणकारांना त्यांचा उपयोग होतो. घरात मात्र त्या दिवसभर इतके प्रश्न विचारतात, की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना सरसकट ‘हो’ म्हटले जाते. हा पैसा आणि त्रास घरगुती वापरासाठी फारसा सार्थकी लागत नाही.

राउटर असताना वेगळी काळजी हवी का?

घरच्या वायफाय राउटरमागे असलेले संगणक बाहेरून थेट दिसत नाहीत. सगळ्या उपकरणांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो आणि न मागता आलेली जोडणी कुणाकडे द्यायची हे राउटरला माहीत नसल्याने ती तिथेच गळून पडते. ही एका अर्थी दुसरी फायरवॉलच. मात्र नव्या आयपीव्ही६ पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तिथे हा आडोसा आपोआप मिळत नाही, राउटरमधली फायरवॉल खरोखर सुरू असावी लागते.

शिवाय राउटर हाही एक छोटा संगणकच आहे. २०१६ मध्ये ‘मिराय’ने जगभरातले राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे ताब्यात घेतले, ते कुठल्याही अवघड युक्तीने नव्हे. कारखान्यातून येतानाच असलेले साठेक युजरनेम आणि पासवर्ड तो एकामागून एक लावून बघत असे. इंटरनेट जोडून देणाऱ्या माणसाने ठेवलेला ‘ॲडमिन’ पासवर्ड अजून तसाच असलेली घरे कमी नसावीत.

घरातल्या घरात, एका वायफायवरच्या उपकरणांमध्ये, राउटर काही अडवत नाही. तिथे संगणकाची स्वतःची फायरवॉल कामाला येते. म्हणून कॅफे, हॉटेल किंवा रेल्वे स्थानकाच्या वायफायला जोडताना विंडोज विचारते तेव्हा ‘पब्लिक’ हाच पर्याय निवडावा, ‘प्रायव्हेट’ नव्हे.

विश्वासू मार्गानेच घात झाला तर?

याची झळ महाराष्ट्राला बसलेली आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’चा हल्ला झाला, तेव्हा मर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली आणि नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. या हल्ल्याचे मूळ युक्रेनमधल्या करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होते. ओळखीच्या कंपनीकडून, नेहमीच्या मार्गाने आलेले अपडेट कुठली फायरवॉल अडवणार? आत शिरल्यावर तो चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर पॅच घेतलेल्या संगणकांतही पसरला.

२००८ सालच्या ‘कॉन्फिकर’ने तर दोन्ही वाटा वापरल्या. नेटवर्कवरून घुसणे फायरवॉलने अडवले तरी त्याची पुढची आवृत्ती पेन ड्राइव्हवर बसून येत असे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलेला पेन ड्राइव्ह घरच्या संगणकाला लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. पेन ड्राइव्ह फायरवॉलच्या वाटेने येतच नाही.

मग घरी किती आणि काय करावे?

यासाठी फार खर्च लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो. सामान्य घरगुती वापरासाठी, तो बंद न करता अद्ययावत ठेवला, तर चांगले काम देतो. दुसरा अँटिव्हायरस घेतला तर त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. मुदत संपलेला अँटिव्हायरस कोपऱ्यात चिन्ह दाखवत बसतो आणि नव्या धोक्यांविषयी त्याला काहीच ठाऊक नसते.

अपडेटचे महत्त्व वरच्या उदाहरणांत पुन्हा पुन्हा आलेच आहे. इथे विंडोज १० वापरणाऱ्यांची अडचण मोठी आहे. या आवृत्तीची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. वाढीव अपडेटसाठी नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. नोंदणी न केलेल्या संगणकावरही फायरवॉलची हिरवी खूण पूर्वीसारखीच दिसत राहते, हे विशेष.

रोजच्या वापराचे खाते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नसावे. मुलांसाठी तर साधेच खाते द्यावे. त्यामुळे काही बसवताना पासवर्ड मागितला जातो आणि निदान एकदा थांबून विचार होतो. ईमेल आणि बँक यांचे पासवर्ड वेगळे असावेत.

आणि बॅकअप. रॅन्समवेअर फायलींना कुलूप लावते, तेव्हा संगणकाला जोडून ठेवलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरच्या फायलीही त्यातून सुटत नाहीत. म्हणून बॅकअप घेऊन झाला, की डिस्क काढून कपाटात ठेवावी. महिन्यातून एकदा, दहा मिनिटांचे काम आहे. फोटो आणि हिशेब यांच्या बाबतीत या यादीतली एकच गोष्ट करायची झाली, तर ही करावी.

संशयास्पद आज्ञा चालवली गेली असेल तर?

आधी वायफाय बंद करावे किंवा केबल काढावी. पासवर्ड त्याच संगणकावर बदलत बसू नये, कारण नवा पासवर्डही तिथून चोरला जाऊ शकतो. ते दुसऱ्या उपकरणावरून, सर्वांत आधी ईमेलचा आणि मग बँकेचा, बदलावेत. त्याच वेळी ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ हा पर्याय वापरावा. तो न वापरल्यास चोरलेल्या कुकीज पासवर्ड बदलल्यावरही चालू राहण्याची शक्यता असते. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर लगेच तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येणे त्या पहिल्या काही तासांवरच अवलंबून असते. संगणकाच्या सफाईसाठी केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधने आहेत. तरीही शंका राहिली, तर फायलींची प्रत काढून विंडोज नव्याने टाकून घेणे हाच खात्रीचा मार्ग.