पाच हजार रात्रींची पद्मश्री

जानेवारी २०२३ मध्ये पद्म पुरस्कारांची यादी आली. त्यात झाकीर हुसेन होते, सुमन कल्याणपूर होत्या, रवीना टंडनही होत्या आणि गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट परशुराम खुणे होते. सरकारी परिचयातला आकडा सगळ्यांनी छापला: ५,००० प्रयोग, ८०० भूमिका. पण हा आकडा नुसता वाचून पुढे जाण्यासारखा नाही. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याचा, नाट्यहंगाम भाऊबीजेच्या मंडईला, म्हणजे गावजत्रेला, सुरू होतो आणि होळीला संपतो. म्हणजे फार तर साडेचार महिने. एकही रात्र न चुकवता रोज उभे राहिले, तरी पाच हजार प्रयोगांना सदतीस-अडतीस हंगाम लागतात. त्यात प्रयोग रात्री दहाच्या पुढे सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो.

खुणे यांना ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणण्याची पद्धत आहे. कौतुक खरे असले तरी तुलना मला पटत नाही. कोंडक्यांचा चित्रपट एकदा तयार झाला की डब्यात भरून गावोगाव पाठवता येत असे. खुणे यांना प्रत्येक गावात स्वतः जावे लागले आणि तेच विनोद नव्या लोकांपुढे नव्याने उभे करावे लागले. ‘एकच प्याला’ आणि ‘लग्नाची बेडी’ त्यांनी केली ती धानाच्या बांधीत उभारलेल्या मंडपात, थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसांसमोर.

हा प्रेक्षक तिकीट काढून येतो. धान घरात आले की गावचे मंडळ वडशाला जाते, कंपनीशी तारीख ठरवते आणि तिकिटे स्वतः विकते. वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातले रेल्वे स्थानक. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथेच, त्यांचे फलकही तिथेच. नाटकाच्या दिवशी गावात मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असते, लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे असतात आणि सोयरिकीची बोलणीही होतात. म्हणूनच २०१४ च्या बंदीने बैलांच्या शर्यती थांबल्या तेव्हा झळ नाटकालाही लागली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली आणि पटाची गर्दी पुन्हा मंडपाकडे वळू लागली.

पूर्वी गावकरीच नाटक बसवायचे; बाहेरून नट्या आणि वादक तेवढे आणायचे. आता अख्खी कंपनीच येते: नेपथ्य, दिवे, ध्वनियंत्रणा, कलावंत, सगळे. नट आज एका कंपनीत, उद्या दुसऱ्या. तालमी मोजक्या होतात, म्हणून प्रॉम्प्टरवर सारी भिस्त.

माझ्या मते त्याहून मोठा भार वादकांवर असतो. रंगमंचापुढे ऑर्गन, तबला आणि अलीकडे ऑक्टोपॅड घेऊन बसलेली ही चार माणसे रात्रभर हलत नाहीत. गाणारी नटी कालपर्यंत दुसरीकडे होती, तिची पट्टी आज पहिल्या ओळीत पकडायची. मध्येच नट संवाद विसरला तर पोकळी सुरांनी भरायची. ‘वन्स मोअर’ आला की तेच पद पुन्हा, तितक्याच जोमाने. नाट्यपद, लावणी, ताजे हिंदी गाणे एकाच रात्रीत वाजवायचे आणि उजाडल्यावर गाडीत झोप काढत पुढचे गाव गाठायचे. कोणता ऑर्गनवाला येतोय हे विचारूनच नाटक ठरवणारे जाणकार झाडीत आहेत. शहरातल्या बँडला समाजमाध्यमांवर चाहते मिळतात. यांना एकेक गाव असे रात्र जागून मिळवावे लागते.

डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीपट्टीच्या दंडार या लोकनाट्याचा आणि झाडीबोलीचा अभ्यास पुढे आणला. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्यांच्या मरणावर ‘आत्महत्या’ लिहिले आणि करमणुकीला आलेल्या प्रेक्षकाला ते दाखवले. जून २०२२ मध्ये या रंगभूमीवरचा ‘झॉलीवूड’ चित्रपटही आला. तरीही पुण्या-मुंबईच्या नाट्यचर्चेत झाडीपट्टीचा उल्लेख अजून ‘लोककला’ या सदरात होतो. हे मला मान्य नाही. तिकिटावर चालणारी ही व्यावसायिक रंगभूमी आहे आणि व्यवसायाला लागते तेच तिला हवे: रात्रीच्या प्रवासाचा अपघात विमा आणि हात थकलेल्या वादकाला निवृत्तिवेतन. पद्मश्रीच्या सत्कारांचे हारतुरे होतात तेव्हा व्यासपीठावरच्या मंत्र्यांकडे या दोन गोष्टी मागाव्यात. दर हंगामात होळीपर्यंत कलावंत जागेच असतात.